अधूनमधून मरणारा प्रोग्रॅम : पीएचपीतील एका दोषशोधाचा इतिहास

अपाचे या वेब सर्व्हरच्या त्रुटी-नोंदीत कधीकधी एक ओळ दिसते. अमुक क्रमांकाची उपप्रक्रिया ११ क्रमांकाचा सिग्नल मिळून संपली, 'सेगमेंटेशन फॉल्ट', एवढेच ती सांगते. कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीवर, कोणाची विनंती पुरी करताना हे घडले, यातले काहीही तिच्यात नसते. पान पाहणाऱ्याला पडदा कोरा दिसतो. तो पुन्हा बटण दाबतो, पान नीट उघडते आणि झाले गेले तो विसरतो. सर्व्हरही मेलेल्या उपप्रक्रियेच्या जागी लगेच नवी उभी करतो. मागे उरते ती फक्त ही एक ओळ.

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले, ते बहुतेक शोधांचे आणि शोधकर्त्यांचे आहे. कोणी कोणती भाषा रचली, कोणी कोणते यंत्र बनवले, हे आपल्याला वाचायला मिळते. पण बनवलेली गोष्ट का मोडत होती आणि ते कारण कसे सापडले, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. प्रस्तुत लेखात पीएचपी या वेबच्या भाषेतील अशा एका दोषकुळाचा माग काढायचा आहे. हे दोष रोज दिसत नसत, मागितल्यावर दिसत नसत आणि दिसले तरी आपल्या जागेवर सापडत नसत. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, तो ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो ती पीएचपीत लिहिलेली आहे. वर्डप्रेसही याच भाषेतले आणि त्याच वर्षीचे. तेव्हा विषय परका वाटला, तरी आपल्या रोजच्या वाचनाखालची जमीन हीच आहे.

दोषांची दोन कुळे

अशा दोषांचे पहिले नेटके वर्गीकरण जिम ग्रे या अमेरिकी संशोधकाने १९८५ साली केले. ते तेव्हा टँडेम कॉम्प्युटर्समध्ये होते. बँका आणि शेअर बाजार यांच्यासाठी कधीही बंद न पडणारी यंत्रे बनवणे हा या कंपनीचा व्यवसाय. 'संगणक का थांबतात आणि त्यावर काय करता येईल' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या आपल्या अहवालात ग्रे यांनी दोन कुळे सांगितली. पहिले 'बोरबग'. नील्स बोर यांच्या अणूसारखा हा घट्ट, ठाम आणि दर वेळी त्याच जागी सापडणारा. दुसरे 'हायझेनबग'. हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेच्या तत्त्वावरून आलेले हे नाव. पाहायला गेले की हा नाहीसा होतो.

ग्रे यांनी टँडेमच्या यंत्रांवरील एका प्रोग्रॅमच्या नोंदी तपासल्या. त्यातील १३२ सॉफ्टवेअर-दोषांपैकी फक्त १ बोरबग निघाला. बाकी सारे असे, की प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि काम पुढे गेले. याचे कारण समजण्यासारखे आहे. घट्ट दोष चाचणीतच सापडतात आणि दुरुस्त होतात. ग्राहकाच्या घरी पोहोचतात ते चाचणीला चुकवून निसटलेले. ग्रे यांनी यातून काढलेला व्यावहारिक निष्कर्ष असा, की काम लहान तुकड्यांत करावे आणि तुकडा मोडला तर तो नव्याने सुरू करावा. हे तत्त्व पुढे वेब सर्व्हरच्या रचनेत जवळजवळ जसेच्या तसे दिसते. मात्र त्याची एक किंमत आहे. काम पुढे जाते, म्हणून दोष मागेच राहतो.

एका पानापुरता जन्म

रासमुस लेरडॉर्फ यांनी ८ जून १९९५ रोजी आपली वेबपानांसाठीची साधने जाहीर केली. स्वतःच्या घरच्या पानासाठी केलेली ती छोटी अवजारे होती. पुढे हायफाच्या टेक्निऑन संस्थेतील अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या विद्यार्थ्यांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला. १९९८ साली पीएचपी ३ आली, आणि मे २००० मध्ये पीएचपी ४. या चौथ्या आवृत्तीच्या इंजिनाला 'झेंड' हे नाव मिळाले ते झीव आणि अँडी या दोन नावांच्या जोडणीतून.

या भाषेचा स्वभाव एका गोष्टीत सामावलेला आहे. विनंती आली की स्मरणात सारे नव्याने मांडायचे, पान तयार करायचे, आणि पान पाठवून झाले की सारे पुसून टाकायचे. एका विनंतीचे काही दुसरीत उरत नाही. यामुळे भाषा शिकायला सोपी झाली आणि औपचारिक शिक्षण नसलेल्या हजारो लोकांना वेबवर काम करता आले. पण याच स्वभावामुळे स्मरणाच्या हिशेबातील चुका वर्षानुवर्षे झाकल्या गेल्या. सेकंदाभरात सारे पुसलेच जाणार असेल, तर हिशेब चुकला तरी कोणाला कळते?

धर्मशाळेची वही

हा हिशेब काय असतो, ते आधी पाहू. एखाद्या क्षेत्राच्या ठिकाणची धर्मशाळा डोळ्यांपुढे आणा. व्यवस्थापकाकडे एक वही आहे. प्रत्येक खोलीच्या किती किल्ल्या बाहेर गेल्या आहेत, हे तो वहीत लिहितो. किल्ली दिली की आकडा १ ने वाढतो, परत आली की १ ने कमी होतो. आकडा शून्य झाला की खोली रिकामी समजून झाडून घ्यायची आणि पुढच्या यात्रेकरूला द्यायची.

संगणकाच्या स्मरणातील जागेचा असा हिशेब ठेवण्याची रीत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली. तिला 'रेफरन्स काउंटिंग' म्हणतात. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी दुसरी रीत मांडली. वही ठेवायची नाही, मधूनमधून सारी धर्मशाळा फिरून कोणत्या खोलीपर्यंत कोणी पोहोचू शकते ते पाहायचे आणि उरलेल्या खोल्या मोकळ्या करायच्या. पीएचपीने पहिली रीत घेतली.

वहीत दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. आकडा खऱ्यापेक्षा जास्त राहिला, तर खोली कधीच रिकामी होत नाही. जागा वाया जाते, पण कोणाला इजा होत नाही. आकडा खऱ्यापेक्षा कमी झाला, तर मात्र अनर्थ. एकाच्या खिशात किल्ली आहे, वहीत तिची नोंद नाही, आणि खोली दुसऱ्याला दिली गेली. पहिला रात्री परत येऊन दार उघडतो, तो आत भलताच संसार. कधी खोली अजून कोणाला दिलेली नसते, मग त्याला आपले सामान जसेच्या तसे मिळते आणि काही बिघडल्याचे कळतही नाही. कधी दुसऱ्याचे सामान तो आपले समजून वापरतो. कधी खोलीच पाडलेली असते, आणि तेव्हा ११ क्रमांकाचा सिग्नल येतो. चूक एकच, परिणाम तीन. कोणता परिणाम होईल हे धर्मशाळेत त्या रात्री किती गर्दी होती, यावर ठरते. दोष 'अधूनमधून' का दिसतो, याचे मूळ येथे आहे.

चौथ्या आवृत्तीचे ऑब्जेक्ट

पीएचपी ४ मध्ये ऑब्जेक्ट होते, पण ते साध्या मूल्यासारखे वागत. एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात टाकले की त्याची प्रत होई. त्यामुळे एका प्रतीत केलेला बदल दुसरीत दिसत नसे. विशेष अडचण कन्स्ट्रक्टरमध्ये येई. तेथे ऑब्जेक्टने स्वतःचा पत्ता कोणाला दिला, तर तो पत्ता एका प्रतीचा ठरे आणि बाहेर वापरात येई ती दुसरीच प्रत.

यावर उपाय म्हणून प्रोग्रॅमर जागोजागी 'अँपरसँड' हे चिन्ह लिहू लागले. या चिन्हाचा अर्थ, प्रत करू नको, तीच वस्तू दे. न्यू या शब्दाआधी, फंक्शनच्या नावाआधी, फंक्शनला द्यायच्या प्रत्येक गोष्टीआधी ते दिसू लागले. त्या काळचा ऑब्जेक्टवर बेतलेला कोणताही मोठा पीएचपी प्रकल्प उघडला, तर ही चिन्हे पानोपान विखुरलेली आढळतात. पुष्कळ ठिकाणी ती अनावश्यक होती, काही ठिकाणी चुकीचीही. उदाहरणार्थ, एखाद्या फंक्शनने नुकतेच काढलेले तात्पुरते उत्तर, ज्याला स्वतःचे नावही नाही, त्याचा संदर्भ मागणे. धर्मशाळेच्या भाषेत, दारात क्षणभर टेकलेल्या माणसाच्या नावाने किल्ली मागण्यासारखे हे होते. भाषेने अशा मागणीला नकार द्यायला हवा होता. तिने तो दिला नाही. आतल्या आत वहीतील आकडे बिघडत राहिले.

जुलै २००५ मध्ये पीएचपी ४.४.० आली ती मुख्यतः या एका कारणासाठी. तिच्या अधिकृत घोषणेत जे म्हटले आहे ते दोषशोधाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. संदर्भ चुकीच्या रीतीने वापरले तर स्मरणाची नासाडी होई आणि ती नेहमी वर दिसून येतेच असे नाही, हे तिथे स्पष्टपणे मान्य केले आहे. काही वेळा व्हेरिएबलचा प्रकार किंवा ऑब्जेक्टचा वर्गच अचानक बदले, हेही. म्हणजे ज्यांनी 'माझा ग्राहक नावाचा ऑब्जेक्ट मध्येच दुसरे काहीतरी होतो' अशी तक्रार केली, ते भ्रमात नव्हते.

या दुरुस्तीची किंमत मोठी होती. इंजिनाची अंतर्गत रचना बदलल्याने ४.३ साठी तयार केलेली एक्स्टेंशन्स ४.४ मध्ये चालेनात, ती पुन्हा बांधावी लागली. शिवाय आजवर मुकाट चाललेल्या कोडमधून सूचनांचा पाऊस पडू लागला, की फक्त व्हेरिएबलचाच संदर्भ परत करता येतो. अनेकांना वाटले, नव्या आवृत्तीने आपला चांगला प्रोग्रॅम बिघडवला. प्रत्यक्षात बिघाड जुनाच होता. फरक इतकाच, की त्याला आता आवाज फुटला होता.

जुलै २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ ने मूळ प्रश्नच मोडीत काढला. तिच्यात ऑब्जेक्टची प्रत होत नाही, व्हेरिएबलमध्ये फक्त त्याचा ओळख-क्रमांक राहतो. त्यामुळे ते अँपरसँड निरर्थक झाले. तरी जुने कोड इतके होते, की न्यू या शब्दाआधीचे ते चिन्ह भाषेतून पूर्णपणे हद्दपार व्हायला २०१५ ची पीएचपी ७ यावी लागली.

सोळा बिटांचा रकाना

वहीतील आकडा लिहायच्या रकान्याची रुंदी ही दुसरी गोष्ट. पीएचपी ४ मध्ये तो रकाना १६ बिटांचा होता. म्हणजे त्यात जास्तीत जास्त ६५,५३५ मावत. त्यानंतरची एक किल्ली दिली की आकडा गोल फिरून शून्यावर येई. साठ-पासष्ट हजार किल्ल्या बाहेर आणि वही म्हणते, खोली रिकामी.

एकाच मूल्याला ६५ हजारांहून अधिक संदर्भ कधी असतील, असे रचनाकारांना वाटले असणार, आणि १९९० च्या दशकात स्मरण महाग असताना ते वाटणे साहजिक होते. पण मोठ्या यादीत एकच मूल्य पुन्हा पुन्हा भरले, की हे सहज घडते. शंभर नोंदींवर चाचणी केलेला प्रोग्रॅम लाख नोंदींवर पडतो, तेव्हा माणूस नोंदींतील मजकुरात चूक शोधत बसतो. चूक मजकुरात नसतेच, ती संख्येत असते.

श्टेफान एसर या जर्मन सुरक्षा-संशोधकाने मार्च २००७ मध्ये महिनाभर पीएचपीतील दोष जाहीर करण्याचा उपक्रम केला. त्याची सुरुवातच या सोळा बिटांच्या रकान्याने झाली. त्याने दाखवून दिले, की हा नुसता कोसळण्याचा प्रश्न नाही. मुद्दाम आकडा फिरवून रिकामी झालेली खोली हल्लेखोर आपल्या सामानाने भरू शकतो. पीएचपी ५ मध्ये हा रकाना ३२ बिटांचा झाला होता. पीएचपी ४ चा सर्वसाधारण आधार २००७ अखेर थांबला.

एकमेकींत अडकलेल्या किल्ल्या

तिसरा दोष सर्वांत जुना. खोली ४ ची किल्ली खोली ७ मध्ये ठेवली आहे आणि खोली ७ ची खोली ४ मध्ये. दोन्ही दारे बंद, आत कोणी नाही. वहीत मात्र दोन्ही खोल्यांपुढे १ हा आकडा आहे, म्हणून व्यवस्थापक त्या कधीच मोकळ्या करणार नाही. मोजणीच्या रीतीतील ही उणीव १९६३ सालीच छापील पत्रातून दाखवली गेली होती.

ऑब्जेक्टवर बेतलेल्या कोडमध्ये अशी जोडी पावलोपावली होते. पालक-ऑब्जेक्ट आपल्या अपत्यांना ओळखतो, अपत्य पालकाला ओळखते. पान तयार करून सारे पुसण्याच्या रिवाजामुळे पीएचपीत याचा त्रास वर्षानुवर्षे जाणवला नाही. पुढे तासन्‌तास चालणारी कामे पीएचपीत लिहिली जाऊ लागली, आणि स्मरण भरत जाऊन प्रोग्रॅम मरू लागले.

जून २००९ मध्ये पीएचपी ५.३ आली, तिच्यात यावर उपाय होता. डेव्हिड बेकन आणि व्ही. टी. राजन यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीवर तो आधारलेला आहे. ज्यांच्याबद्दल संशय आहे अशा खोल्यांची वेगळी यादी करायची. यादीत १०,००० नावे झाली की फेरी काढायची. फेरीत प्रत्येक संशयित खोलीत शिरून, आत सापडलेल्या किल्ल्या तात्पुरत्या परत आल्या असे धरायचे आणि आकडे कमी करत जायचे. असे करून ज्यांचा आकडा शून्य होतो, त्या केवळ एकमेकींच्या आधाराने तग धरून होत्या. बाकीच्यांचे आकडे पूर्ववत करायचे. सोर्स कोडमधील संबंधित फाइलच्या माथ्यावर लेखक म्हणून डेव्हिड वांग आणि दिमित्री स्टोगोव ही नावे आहेत.

उपाय उत्तम होता, पण त्याने दोषशोधात एक नवाच चकवा निर्माण केला. ही फेरी काढणारा एकटाच असा, जो साऱ्या खोल्यांत शिरतो. त्यामुळे आधी कोणीतरी कुठेतरी वहीत चुकीचा आकडा लिहिला असेल, तर पडक्या खोलीत पाय पडतो तो याचाच. प्रोग्रॅम कोसळल्याच्या असंख्य नोंदींत शेवटचे फंक्शन या सफाई करणाऱ्याचे दिसते. प्रेत त्याच्या अंगणात सापडते, खून दुसरीकडे आणि बऱ्याच आधी झालेला असतो. त्यात फेरी निघते ती १०,००० नावे भरल्यावरच. कोडमध्ये एखादी निरुपद्रवी ओळ वाढवली, की फेरीची वेळ सरकते आणि कोसळणे थांबते किंवा भलत्या ठिकाणी जाते. शोधणाऱ्याने तपासासाठी चार ओळी घातल्या की दोष गुप्त, हा हायझेनबगचा खास अनुभव येथे पदोपदी येतो.

खरा गुन्हेगार बहुधा कोण असे? पुष्कळदा एखादे एक्स्टेंशन. ऑब्जेक्टच्या आत कोणत्या किल्ल्या आहेत हे फेरीवाल्याला खरेखुरे सांगण्याची जबाबदारी त्या ऑब्जेक्टची असते. त्याने एकच किल्ली दोनदा दाखवली, तर आकडा दोनदा कमी होतो आणि वापरातली खोली रिकामी ठरते. २०१६ साली संशोधकांनी ॲरेऑब्जेक्ट या पीएचपीच्या स्वतःच्या वर्गात नेमका असा दोष दाखवून दिला. ज्या शोधमोहिमेत तो उघड झाला, तिला एका मोठ्या संकेतस्थळाकडून २०,००० डॉलरचे बक्षीस मिळाले. फेरी सुरू झाल्याला तेव्हा ७ वर्षे झाली होती.

शेवटच्या क्षणाचा गोंधळ

पीएचपी ५ ने ऑब्जेक्टला डिस्ट्रक्टरही दिला. मरताना करायची आवराआवर त्यात लिहायची. पण विनंती संपताना ऑब्जेक्ट कोणत्या क्रमाने मरतील याची हमी भाषा देत नाही. एकाने मरताना दुसऱ्याची मदत मागावी आणि तो आधीच गेलेला असावा, असे होते. आवृत्ती ५.०.५ पासून सेशन लिहिण्याचे कामही ऑब्जेक्ट नष्ट झाल्यानंतर होऊ लागले. सेशन सांभाळणारा वर्ग स्वतः लिहिलेल्यांना त्याचा फटका बसला. अशा वेळी जुना पीएचपी जो संदेश देई, तो त्या काळच्या प्रोग्रॅमरांना पाठ असेल. 'अननोन' नावाच्या फाइलमध्ये, शून्याव्या ओळीवर, अपवाद फेकला गेला. पत्ता नाही आणि घरक्रमांक शून्य.

शोधाची हत्यारे

या दोषांच्या मागावर निघालेल्यांनी हळूहळू चार रीती घडवल्या.

पहिली रीत पंचनाम्याची. प्रोग्रॅम मरताना त्याच्या स्मरणाची प्रत डिस्कवर उतरवून घ्यायची. तिला 'कोअर डंप' म्हणतात. स्मरण चुंबकीय कड्यांचे, म्हणजे कोअरचे असे तेव्हापासूनचे हे नाव. ती प्रत जीडीबी या साधनात उघडली की सी भाषेतील फंक्शनांची साखळी दिसते. पीएचपीच्या सोर्स कोडबरोबर जीडीबीसाठी एक छोटी फाइल मिळते. तिच्यातील आज्ञा दिली की त्या सी-साखळीमागची पीएचपीची फाइल आणि ओळ हाती येते.

दुसरी रीत पाळतीची. ज्युलियन सुअर्ड यांचे व्हॅलग्रिंड २००२ साली आले. ते प्रोग्रॅमच्या प्रत्येक स्मरण-व्यवहारावर नजर ठेवते, म्हणून प्रोग्रॅम दसपटीने किंवा त्याहून मंद चालतो. पण पीएचपीसमोर ते आधी आंधळे ठरते. झेंड इंजिन ऑपरेटिंग सिस्टिमकडून मोठी जागा एकदम घेऊन आतल्या खोल्यांचा कारभार स्वतः पाहते. बाहेरच्या निरीक्षकाला इमारत दिसते, खोल्या दिसत नाहीत. एका पर्यावरण-व्हेरिएबलने हा अंतर्गत कारभार बंद केला, की प्रत्येक खोली वेगळी दिसू लागते आणि रिकाम्या खोलीत पहिले पाऊल पडते तिथेच बोट ठेवता येते. अंतिम कोसळण्याच्या कितीतरी आधीची ती जागा असते. २०१२ पासून ॲड्रेससॅनिटायझर हे याच कामाचे अधिक वेगवान साधन मिळाले.

तिसरी रीत चाळणीची. आंद्रेआस त्सेलर या जर्मन संशोधकाने ती शास्त्रशुद्ध केली. मोझिला ब्राउझर एक पान छापताना कोसळे. ते पान ८९६ ओळींचे होते. निम्मा भाग काढा, कोसळते का पाहा, नाही तर दुसरा निम्मा काढून पाहा, असे यंत्राकडूनच करवून घेत त्सेलर यांनी ते एका ओळीवर आणले. तेवढी ओळ दोषाला पुरेशी होती.

चौथी रीत काळाची. काल चालत होते, आज चालत नाही, तर मधल्या बदलांचे अर्धे-अर्धे करत दोष कोणत्या दिवशी शिरला ते काढायचे. बदलांची नोंद नीट ठेवलेली असेल, तर हजार बदलांतून दहा पावलांत उत्तर मिळते.

साक्षीदाराचे काय?

या सगळ्या रीतींना एक गोष्ट आधी लागते. कोणीतरी दोष पाहिला, हे खरे मानावे लागते. पीएचपीच्या दोष-नोंदणीत तक्रारीवर मारायच्या शिक्क्यांपैकी एक होता 'बोगस'. दोष दाखवणारे दहा-वीस ओळींचे कोड द्या, ही मागणी रास्त होती, कारण स्वयंसेवकांना हजारो तक्रारी निवडायच्या असत. पण अधूनमधून पडणाऱ्या प्रोग्रॅमचा मालक नेमके तेच देऊ शकत नाही. तो शिक्का पुढे 'दोष नाही' असा सौम्य करण्यात आला. शब्द बदलला, अडचण राहिली.

हाच प्रश्न वेबबाहेर किती भीषण होऊ शकतो, हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने दाखवले. १९८५ ते १९८७ दरम्यान त्याच्यामुळे अतिरेकी किरणमात्रेचे ६ अपघात झाले, त्यांतील काही जीवघेणे ठरले. निर्मात्याला दोष पुन्हा घडवता येत नव्हता. टेक्ससमधील टायलर येथे १९८६ साली दुसरा अपघात झाल्यावर तेथील रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी तिने त्या दिवशी काय काय टंकले ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. गुपित वेगात होते. सरावलेल्या हाताने सुमारे ८ सेकंदांच्या आत दुरुस्ती टंकली, तरच दोष उमटे. सावकाश तपासणाऱ्या अभियंत्याला तो दिसणे शक्यच नव्हते.

आपल्याकडचे एक लहान उदाहरण देतो. माझ्या परिचयाच्या एका सार्वजनिक वाचनालयाची सूची काही वर्षे पीएचपी ५ वर चाले. एकेक पुस्तक म्हणजे एक ऑब्जेक्ट. ग्रंथपालबाई सांगत, की काही वेळा पान कोरे येते. सूची करून देणारा गृहस्थ म्हणे, "बाई, नेट स्लो असेल, आमच्याकडे तर चालतंय." बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी जुन्या दाखल-रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक वेळी उघडलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहायला सुरुवात केली. महिन्याभराने ती यादी मी पाहिली. सारी पुस्तके लांबलचक अनुक्रमणिका टंकलेली होती, बहुतेक ज्ञानकोशांचे खंड आणि गौरवग्रंथ.

कारण मग सरळ होते. मजकूर स्वच्छ करणारी एक रेग्युलर एक्स्प्रेशन अक्षरागणिक स्वतःलाच हाक मारत खोल जाई. त्या काळच्या पीसीआरई लायब्ररीत अशा प्रत्येक हाकेला स्टॅकवर ५०० बाइटच्या आसपास जागा लागे. वाचनालयाचा संगणक विंडोजवर होता, तिथे अपाचेच्या एका थ्रेडला २५६ किलोबाइट मिळत. दुरुस्ती करणाऱ्याचा संगणक लिनक्सवर, तिथे ८ मेगाबाइट. म्हणून 'आमच्याकडे चालतंय' हे त्याचे म्हणणे खरे होते, आणि बाईंचेही. पुढे २०१७ मध्ये या लायब्ररीने स्टॅकवरची ही खोल हाक बंदच केली. पण कोसळण्याचा माग लागला तो बाईंच्या रजिस्टरमुळे. दोषशोधाची पाचवी रीत म्हणायची तर ही. ज्याला दोष दिसतो त्याच्या हाती वही द्यावी आणि त्याने लिहिलेले वाचावे.

समारोप

पीएचपीच्या या तीस वर्षांकडे पाहता दोषांच्या दुरुस्तीत एक समान धागा आढळतो. जे पूर्वी मुकाट घडे, त्याला क्रमाक्रमाने वाचा दिली गेली. ४.४ मध्ये चुकीच्या संदर्भाला सूचना मिळाली. न संपणाऱ्या स्व-हाकेने प्रोग्रॅम कोसळू नये, म्हणून डेरिक रेथान्स यांच्या एक्सडीबगने हाकांच्या खोलीवर मर्यादा घातली. ती आरंभी १०० होती, पुढे २५६ झाली. नोव्हेंबर २०२३ च्या पीएचपी ८.३ मध्ये खुद्द भाषाच स्टॅक किती उरला ते पाहू लागली. आता जागा संपत आली की ११ क्रमांकाच्या सिग्नलऐवजी फाइल आणि ओळ सांगणारी रीतसर त्रुटी मिळते.

यातील एकही बदल पान पाहणाऱ्याला दिसला नसेल. त्याच्या दृष्टीने कोरे पान जरा कमी वेळा येऊ लागले, एवढेच. पण त्या प्रत्येक बदलामागे कोणीतरी पुन्हा बटण दाबून विसरून जाण्याचे नाकारले होते, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवले होते, आणि 'तुमच्याकडेच होते' हे उत्तर ऐकूनही पुन्हा पत्र पाठवले होते. त्या लोकांची नावे भाषेच्या इतिहासात नाहीत. दोष-नोंदणीच्या जुन्या पानांवर मात्र त्यांचे चिकाटीचे शब्द तारखेसह शिल्लक आहेत. संगणकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने ती पाने चाळावीत. दप्तरखान्यातील मोडी रुमालांइतकीच ती बोलकी आहेत.